ब्रशनं घासलेलं बियाणं

रामनगरहून लग्न होऊन मी बाजारकुणंगच्या बाजूला सासरी आले ती बी.एड.ची पदवी आणि मानसशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक घेऊन. मला भात लावता येत नव्हता, कोयता धरता येत नव्हता; पण माणसं मात्र मी झटक्यात ओळखायचे. सासूबाईंना तर आठवड्यातच ओळखलं. 'कोनफळ बघावं तर माझंच,' असं त्या आपल्या वेलाच्या कंदांबद्दल दिवसातून दोनदा म्हणायच्या. मी नवऱ्याला सांगितलं, याला अहंगंड म्हणतात. ज्याला आतून आपण कमी आहोत असं वाटतं, तो बाहेर मोठेपणा मिरवतो. तो 'असेल' म्हणाला आणि गुरं सोडायला गेला.

जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. आदल्या दिवशी सासूबाईंनी कोनफळांची टोपली पडवीत काढून ठेवली, मातीसकट. असला मळकट माल चारचौघांत मांडायचा? त्या रानात गेल्यावर मी कपड्यांचा ब्रश घेतला आणि एकेक कोनफळ घासून लख्ख केलं.

संध्याकाळी त्या आल्या आणि टोपलीपाशी मटकन बसल्या. ते बियाणं होतं. मेळ्यात नुसतं दाखवून परत आणायचं, त्यांच्या आईनं लग्नात दिलेल्या वेलाचं. अंगावर माती असली तर ते लावणीपर्यंत टिकतं, साल सोलपटली की कुजतं. घरात दुसरं नव्हतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच आलं.

मेळ्यात त्यांनी शेजारच्या बायकांना सगळं सांगून टाकलं. बायका पोट धरून हसल्या, मी लाजेनं अर्धी झाले. मग एकेकीनं आपल्याजवळचं एकेक माती लागलेलं कोनफळ आमच्या टोपलीत टाकलं. सगळी त्याच वेलाची. सासूबाईंनी इतकी वर्षं मागेल तिला बियाणं दिलं होतं. घासलेली कोनफळं आम्ही पुढे आठवडाभर उकडून खाल्ली.

परतताना बसमध्ये मी कबुली दिली, त्यांना चिकटवलेल्या अहंगंडासकट. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"आमच्यात आल्यापासनं तुला एवढं कमी वाटत व्हतं व्हय गे?"

त्यांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली. "यंदा तू लाव. मी बांधावर बसून सांगते."

मी लावली. आता दारात येईल त्याला धरून मी वेल दाखवते आणि सांगते, कोनफळ बघावं तर आमचंच.