कोट तेवढा सोड

अपघात विभागातल्या मोठ्या सिस्टरना सगळे कात्रीबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. स्ट्रेचर आत आलं रे आलं की बाई कात्री घेऊन हजर. घोट्यापासून सुरुवात केली की थेट गळ्यापर्यंत. माणूस कळवळून सांगतोय, "अहो, नवीकोरी पँट आहे!" बाईंचं ठरलेलं उत्तर, "पँट दुसरी मिळेल. गप पडा." मोडलेलं हाड बोंबलतं म्हणून सगळे तिकडेच धावतात, आणि जिवावरची जखम कपड्याखाली मुकाट बसून राहते, हे त्यांनी फार पाहिलं होतं. पुढून-मागून सगळं अंग बघितल्याशिवाय त्या कुणाला पुढे सोडत नसत. भले भले साहेब त्यांच्या हातून चादर गुंडाळून घरी गेलेत.

आणि अशा बाईचा नवरा कोण असावा? शिंपी! "मी दिवसभर शिवायचं, हिने दिवसभर कापायचं," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. जन्मभर लोकांचे कोट शिवले, पण स्वतःच्या अंगावर कायम तोच विटका स्वेटर. शेवटी एकदा मनावर घेऊन त्याने स्वतःसाठी करडा कोट शिवला. अस्तर मनासारखं बसेना म्हणून किती वेळा उसवलं असेल! "काय नवरदेव, लग्न कुणाशी?" म्हणून बाईंनी चिडवून चिडवून बेजार केलं त्याला.

तोच कोट घालून स्वारी बाहेर पडली आणि दुकानासमोरच स्कूटरने उडवली. स्ट्रेचर आलं तेव्हा बाई सवयीने पुढे झाल्या, आणि पाहतात तर हे!

उजवं मनगट भलत्याच कोनात वळलेलं. बाईंचा चेहरा तसूभर हलला नाही. कात्री उघडली.

"अगं, कोट तेवढा सोड," तो गयावया करत म्हणाला. "बाही खांद्यावर उसव फक्त. शिवण मी सांगतो."

आता दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं असतं का? नाव नको! पण त्या विरघळल्या. बाही हलकेच उसवली, मनगटाखाली नाडी बघितली, फळी बांधली. तो आपला एकच धोशा लावून बसला, "हात चालेल ना गं माझा? कात्री धरता येईल ना?" त्या हाताच्या काळजीत बाई गुंतल्या त्या गुंतल्याच.

"सिस्टर, बाकी अंग पाहिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाहिलं," त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे वळल्या.

एक्स-रेची वाट बघताना तो बोलायचा थांबला. शिंपी आणि गप्प! बाईंनी कपाळाला हात लावला तर गार घाम, आणि नाडी नुसती धावत सुटलेली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना मोठ्याने हाक मारली, "मी खोटं बोलले. कोट काढलाच नाही मी!" आणि कात्री घेऊन करडा कोट खालून वर सरसर कापत नेला. अस्तर, शर्ट, सगळं. डाव्या बरगड्यांखाली स्कूटरच्या हँडलचा काळानिळा वळ उठला होता. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. प्लीहा फुटली होती. तसाच ऑपरेशनला नेला.

वाचला. पण दोन दिवस बाई त्याच्या नजरेला नजर देईनात. वॉर्डात खुर्ची ओढून बसायच्या, पांघरूण उगाच सारखं करायच्या. शेवटी बांध फुटला.

"माझ्या जागी दुसरी कुणीही असती तर तुमचे एवढे हाल झाले नसते. तुमच्यापायी मी माझं काम विसरले हो."

तो पोटावरच्या टाक्यांकडे बघत होता. "शिलाई बरी आहे," तो म्हणाला. "जरा जवळजवळ घालायला हवे होते."

"मी काय बोलतेय, तुमचं लक्ष कुठाय!"

"ऐकतोय की." त्याने डावा हात पुढे केला. "कुणाचंच काही कळत नव्हतं मला तेव्हा. डोळ्यांपुढे नुसता अंधार. मग माझा कोट टराटरा फाटताना ऐकला, आणि म्हटलं, आली बाई भानावर. आता मरत नाही मी."

बाईंनी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भर वॉर्डात, सगळ्या पेशंटांदेखत, हुंदके देऊन रडल्या.