दोरी वहिनीने ओढली

तिरंग्याचा फोटो टाकून आमच्या वहिनीला श्रद्धांजली वाहणाऱ्यांनो, आमच्या दारात पाऊल टाकू नका.

शालिनीवहिनी आज पहाटे गेली. माझ्या थोरल्या भावाची बायको.

सकाळीच गावच्या स्मारक समितीचा फोन आला. "वीरपत्नीचं पार्थिव पुतळ्यापाशी दर्शनाला ठेवूया."

मी नाही म्हटलं. का, ते इथेच सांगते. तुमच्यातले अर्धे तेव्हा जन्मलेही नव्हते.

दादा एअर फोर्समध्ये पायलट. एकाहत्तरच्या युद्धात त्याचं विमान गेलं ते परत आलं नाही.

वहिनी तेव्हा तरुण. पिंगुळीचं माहेर. पण माहेरी गेली नाही. आमच्याकडेच राहिली, गावच्या शाळेत शिकवू लागली.

दहाएक वर्षं गावाला दादा आठवला नाही.

मग इलेक्शन आलं, आणि आठवला.

तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर पुतळा. धामापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव.

पुतळा तयार झाल्यावर वहिनी आणि मी बघायला गेलो. दादाच्या हातात बंदूक!

"हे विमान चालवायचे," वहिनी म्हणाली.

समितीचे अध्यक्ष हसले. "बाईनू, लोकांका बंदूकच कळता."

अनावरणाला मंत्री आले. बँड, हार, मांडव. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची.

वहिनी पुतळ्याकडे निघाली तसे अध्यक्ष आडवे आले.

"पडद्याची दोरी माझी बायको ओढतली. शुभकार्य आसा, सवाशीण व्हयी. तुमी मागे बसा."

मी तोंड उघडणार तोच वहिनीने माइक घेतला.

घरात मालवणी बोलणारी ती. माइकवर मात्र शाळेतली मराठी.

"हे गेले म्हणून पुतळा झाला. हे गेले म्हणूनच मी विधवा झाले. मरण एकच. मग पुतळा शुभ आणि मी अशुभ, हे कसं?"

आणि दोरी ओढली.

कोणी टाळी वाजवली नाही. एकानेही नाही.

मंत्री घड्याळात बघत होते. मागून एक बाई म्हणाली, "घोव गेलो तरी तोरो बघा."

बाबा उठले. जन्मात कधी कुणाला उलट न बोललेला माणूस. वहिनीपाशी गेले.

"चल गो, घराक जावया."

आम्ही तिघं भर मांडवातून बाहेर पडलो.

पुढच्या जूनमध्ये वहिनीची बदली लांब रेडीला. कारण कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तिथे खोली घेऊन ती एकटी राहिली, रिटायर होईपर्यंत. सुट्टीत घरी यायची. एसटी तिठ्यावर थांबली की मान दुसरीकडे फिरवून बसायची.

रस्त्याची पाटी तर ते दशक संपायच्या आतच बदलली. आता तिथे अध्यक्षांच्या वडलांचं नाव आहे. त्यांनी कुठलं युद्ध केलं, मला माहीत नाही.

आणि आज समितीच्या पोस्टमध्ये तुम्ही तिला "वीरमाता" लिहिलंय.

तिला मूल नव्हतं हो.

एवढं तरी कुणाला विचारायचं होतं.

गेल्या आठवड्यात तिचे पाय चेपताना मी विचारलं, "वयनी, राग गेलो काय गो?"

"कित्याक जायत? माझो आसा तो."

वहिनी, संध्याकाळी आम्ही घरचेच तुला पोचवू. बँड नाही, भाषण नाही.

अखेरचा नमस्कार.

तुझो राग हय ठेवन जा. मी सांभाळतंय.