संदर्भ द्या

तुम्ही हसणार आहात, तर आधीच हसून घ्या. मीही हे पहिल्यांदा सांगताना हसत सुरुवात केली होती. पुढे काही ते जमलं नाही.

मी विरारला अकरावी-बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेते. दुपारी दोन बॅचेसच्या मध्ये दीड तास मोकळा असतो. त्या वेळात कुणी झोपतं, कुणी मालिका बघतं. मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाची साफसफाई करते. तिथे कुणीही येऊन लेख लिहू शकतं, आणि लोक लिहितातही. कुणी स्वतःच्या कवितांवर लिहितो, कुणी मामाच्या राजकीय कारकिर्दीवर. असली पानं हुडकायची, 'संदर्भ द्या' अशी पाटी लावायची, आणि संदर्भ नाही आले की पान काढायचा प्रस्ताव टाकायचा. घरी माझं कुणी ऐकत नाही, तिथे ऐकतात. तिथलं माझं नावच 'केमिस्ट्री मॅडम'.

एक दिवस एका रासायनिक संयुगाचं पान सापडलं. नाव सांगत नाही, कारण ते पुरं म्हणताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. पिवळा रंग बनवताना मधल्या पायरीवर तयार होणारी पावडर, बाजारात कधी येतच नाही. बारा वर्षं शिकवतेय, पण मी तिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, मला जे माहीत नाही त्याची ज्ञानकोशाला काय गरज?

पानावर चार ओळी होत्या. रंग कसा, वास कसा, पाण्यात विरघळते की नाही. आणि शेवटची ओळ: 'ही हाताळणाऱ्या कामगारांना पुढे मूत्राशयाचा आजार होतो.' संदर्भ एकही नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं होतं 'इनास, पापडी'. पापडी म्हणजे वसईजवळचं गाव.

मी शेवटची ओळ उडवली आणि पाटी लावली.

दुसऱ्या दिवशी चर्चापानावर उत्तर आलं. 'मॅडम, संदर्भ मी आहे.'

झालं. मी म्हटलं, आला अजून एक, स्वतःवर प्रेम असलेला. लिहिलं, 'स्वतःबद्दल लिहिणं नियमात बसत नाही.'

'मी स्वतःबद्दल लिहीत नाही. पावडरीबद्दल लिहितो. मी ती एकोणतीस वर्षं बनवली.'

'वैयक्तिक अनुभव हा संदर्भ होत नाही. स्वतंत्र, छापील पुरावा द्या.'

'छापील कुठून आणू? कारखान्याने कधी छापलं नाही. आता तर तो पाडून तिथे इमारती झाल्या.'

'मग हे संयुग उल्लेखनीय नाही.'

'कोणासाठी, मॅडम?'

असं तीन आठवडे चाललं. रोज सकाळी त्यांचं लांबलचक उत्तर, शेवटी 'आपला नम्र'. मला वाटलं, रिटायर्ड माणूस, वेळ जात नाही, कारखान्याच्या आठवणी येतात. क्लासमधल्या बाकीच्या सरांना मी त्यांची उत्तरं वाचूनसुद्धा दाखवायची. 'आज माझा पावडरवाला काय म्हणतोय ऐका' असं म्हणून. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

मग एका दुपारी मी कंटाळून लिहिलं, 'या संयुगाशी तुमच्याखेरीज जगात कुणाचं काही देणंघेणं दिसत नाही.'

उत्तर आलं, 'आम्ही अकरा होतो. आता पाच आहोत. त्यांचे कागद देतो, थोडं थांबा.'

आता यातून कुणालाही काय समजलं असतं? मला समजलं की हा माणूस आता पाच खोटी खाती उघडून पान ठेवा, पान ठेवा अशी मतं टाकणार. आमच्याकडे असले प्रकार होतात. मी घाईघाईने चर्चा बंद करून घेतली. पान गेलं.

दोन आठवड्यांनी त्याच खात्यावरून मला संदेश आला. 'मी इनास यांची मुलगी लीना. बाबा गेल्या शुक्रवारी वारले. उद्या चार वाजता पापडीच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. ते तुमच्याबद्दल रोज बोलायचे. जमलं तर या.'

मी दुपारची बॅच रद्द केली. वसईहून रिक्षात बसले आणि पापडी येईपर्यंत माफीची वाक्यं जुळवत राहिले. बोलावलंय म्हणजे चार लोकांत ऐकवणार, आणि ऐकवूच दे, असं ठरवलं होतं.

मिस्सा झाल्यावर लीना मला घरी घेऊन गेली. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले. "ह्याच का त्या मॅडम? शेवटी शेवटी हे कोणाशी बोलत नव्हते. तुमचं उत्तर आलं की पाठीला उशी मागायचे. बसून लिहायचे."

"काकी, मी खरं तर माफी मागायला…"

"कसली माफी?" लीना म्हणाली. "कारखान्याने कधी विचारलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. बाबा म्हणायचे, ही एकच बाई रोज विचारते, पुरावा काय."

माझ्या हातात चहाचा कप आला, तो मी धरून बसले.

ओट्यावर चार म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. त्यातले एक, गोपाळकाका, खाडीकाठच्या गावातले, उठून माझ्याजवळ आले.

"तुमीच का त्या संदर्भवाल्या? इनासने सांगलेलं, मॅडमना कागद द्या."

एकामागून एक चार फायली माझ्या मांडीवर आल्या. सोनोग्राफी, बायोप्सी, ऑपरेशनचे कागद. म्हणजे हीच ती माझी खोटी खाती.

तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

"इनासने लिवलेलं पान दाखवा ना," गोपाळकाका म्हणाले. "आमी कदी बघितला नाय."

"इथे रेंज येत नाहीये," मी म्हटलं. लीनाने लगेच वायफाय जोडून दिलं. मग तिनेच माझ्या हातातून फोन घेतला आणि ते लांबलचक नाव एकदाही न अडखळता टाकलं.

स्क्रीनवर आलं, 'हे पान काढून टाकण्यात आले आहे.' खाली कारण. त्याखाली प्रस्ताव मांडणारीचं नाव.

लीनाने ते नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय लिवलंय?" गोपाळकाकांनी विचारलं.

"दुरुस्तीसाठी बंद आहे, काका," ती म्हणाली.

फाटकापर्यंत ती मला सोडायला आली. मी फायली परत द्यायला लागले. तिने घेतल्या नाहीत. "न्या," म्हणाली, "पण या वेळी वाचा."

वाचल्या. चार माणसं, तीन वेगवेगळी हॉस्पिटलं, आजार एकच. आणि प्रत्येक केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात एकच शब्द, 'नोकरी'. कसली, कुठे, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

पान मला परत टाकता येईना. ज्या नियमाने काढलं तोच आडवा आला. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीने मुंबईत कामगारांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे फायली घेऊन गेले. त्यांनी तीन तास वाचल्या, चौघांना तपासायला बोलावलं, आणि यावर अभ्यास करून लिहिते म्हणाल्या. छापून यायला दोन वर्षं तरी लागतील.

मी खुशीत गोपाळकाकांना फोन केला. सगळं नीट समजावलं. तपासणी, अभ्यास, मग छपाई, मग पान, आणि ते पान कुणीच काढू शकणार नाही.

"दोन वरसं," ते म्हणाले. मग, "चांगला झाला."

आणि मी, बारा वर्षं पोरांना धीर देणारी बाई, त्या माणसाला काय म्हणावं? म्हटलं, "घाई नाहीये काका. नीट होऊ दे."

"तुमाला नाय," ते म्हणाले.