सुकदेवचं डायरेक्टरपद

सुकदेव नथू कोळी हा एका कंपनीचा डायरेक्टर आहे, हे मला मामलतदार कचेरीच्या कागदावरून कळलं आणि मी हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

सुकदेव राखोलीच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात माळी. शिरपूरकडचा माणूस. सतरा वर्षांपूर्वी बायकोला, चिमाबाईला, घेऊन आला आणि जवळच्याच अथाल गावात पत्र्याच्या खोलीत राहिला. कारखान्यामागे मालकांचं गेस्ट हाउस आहे, तिथली हिरवळ त्याने हाताने वाढवली. मालक म्हणजे भाऊसाहेब. स्वतः दोनदा मंत्री, थोरला मुलगा आमदार, धाकटा धंद्यात. भाऊसाहेब लॉनवर बसले की सुकदेव चपला काढून चालायचा. स्वतःच लावलेल्या गवतावर! मी नाशिकचा, शिफ्ट मॅनेजर, मला त्याच्या या लाचारीची चीड यायची. भाऊसाहेबांच्या गाडीचं दार उघडायला मीच धावायचो, ते सोडा.

गेल्या महिन्यात त्याचं रेशन बंद झालं. कचेरीत मिळालेला कागद घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"साहेब, रेशन बंद करी दिधं. म्हणतस, तू डायरेक्टर शे. मनं नाव कसं काय उनं तठे?"

"मग मला बढती दे की!" मी म्हणालो.

तो हसला नाही. घरात पाच तोंडं, चिमाबाईचं काम दिवाळीपासून सुटलेलं. रेशनचा तांदूळ हाच त्यांचा आधार होता.

मी कंपनीचं नाव सुजाताला पाठवलं. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, नाशिकला सीए आहे. संध्याकाळी तिचा फोन आला.

"नंदकुमार, हे काय पाठवलंयस तू मला?"

तिने कंपनीची कागदपत्रं काढली होती. अर्धे शेअर सुकदेवच्या नावावर, अर्धे परदेशातल्या एका कंपनीचे. ती कंपनी मध्य आशियातल्या एका देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या जावयाची. त्याच देशात भाऊसाहेबांच्या धाकट्याला खाणीचं कंत्राट मिळालं होतं. तेव्हा कारखान्यात पेढे वाटले होते, आणले मीच होते. त्या कंत्राटाबद्दल जावयाला द्यायचा वाटा या कंपनीतून जात असावा, असं सुजाताचं म्हणणं. भाऊसाहेबांच्या घरातलं एकही नाव कागदावर नव्हतं. त्यांच्या जागी आमचा माळी होता.

तो जावई मी पाहिलाय! दोन वर्षांपूर्वी आला होता, त्याला वासोण्याच्या उद्यानात सिंह दाखवायला नेलं होतं. ऊन होतं म्हणून सुकदेवला बरोबर घेतलं. आपल्या भागीदाराच्या डोक्यावर छत्री धरून बिचारा दुपारभर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं.

"तो गोरा पाहुना? तो मना पार्टनर?" सुकदेव फरशीवरच बसला. "त्या विमाना कागद व्हतात ना, साहेब? पराग साहेबनी तसंच सांगं व्हतं."

पराग म्हणजे हेड ऑफिसचा माणूस, त्याने ते विम्याचे कागद म्हणून सांगितले होते. सुजाताने पाठवलेले कागद मी मोबाइलवर उघडले. सुकदेव उठला, माझ्या शेजारी आला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"आठे तुमनी सही शे. तुम्हीन सही कयी म्हनीसन मी बी कयी."

साक्षीदार: माझं नाव, माझी सही. परागने गठ्ठा आणला होता, मी चहा पीत होतो, जिथे फुल्या होत्या तिथे सह्या ठोकल्या. आमच्याकडे सगळे असंच करतात. वाचत बसलं तर वरच्यांना संशय घेतल्यासारखं वाटतं. मला वाटत होतं, इंग्रजी येतं म्हणून सुकदेव माझ्याकडे आलाय. तो साक्षीदाराकडे आला होता.

सुजाताने उपाय सांगितला. मामलतदारांकडे अर्ज करायचा, आणि सुकदेवला खरं काही न सांगता सह्या घेतल्या हे साक्षीदाराने त्यात स्वतः लिहून द्यायचं. नाहीतर अर्जाला कोणी विचारणार नाही. साक्षीदार म्हणजे मी. माझ्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी रोहिणी बारावीला आहे आणि नोकरी भाऊसाहेबांची. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस सुकदेवची नजर चुकवली. तिसऱ्या दिवशी त्याने डबाच आणला नव्हता. सगळे जेवायला बसले आणि तो नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला. ते बघून मला माझीच शिसारी आली.

त्याच दुपारी अर्ज लिहिला. 'मी हे कागद न वाचता साक्षीदार म्हणून सही केली,' असं माझ्या नावानिशी लिहिलं, खाली सही केली. छाती थोडी फुगली होती. केवढं धाडस केलं मी! सुकदेवला बोलावलं, कागद पुढे सरकवला, पेन दिलं.

"इथे कर सही."

त्याने पेन घेतलं नाही. दोन्ही हात मागे बांधले.

"पहिले वाचीसन दाखाडा, साहेब. मंग सही करसू."