जेल कुठं लावता, भगवानराव?

“मॅडम, अँब्युलन्स गेटवर लागलीय. पेशंटला खाली नेऊ का?” आमचे ब्रदर दारातून विचारत होते, आणि माझ्या हातातला रिपोर्ट काही केल्या जुळत नव्हता.

“थांबा हो जरा!” मी ओरडलेच. माझा स्वभाव मुळातच तापट. जालन्यात वीस वर्षं दवाखाना चालवून तो निवला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आमच्या स्टाफला विचारावं.

पेशंट होते भगवानराव. भोकरदनकडच्या धावड्याचे, वय बेचाळीस, घरची कपाशी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी नावाच्या ग्रंथीत गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण ग्रंथी अधू झाली. ही ग्रंथी हुकूम देते तेव्हाच पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बनतं. हुकूमच बंद पडला, पुरुषपणाची तक्रार सुरू झाली, तेव्हा मी ते बाहेरून सुरू केलं. रोज सकाळी जेलचं एक पाकीट कातडीवर चोळायचं. तिथून ते रक्तात उतरतं.

पहिल्या तपासणीत सगळं छान होतं. आता चार महिन्यांनी माणूस डोकं धरून आला. चेहरा लालबुंद, बीपी चढलेलं. आधी पिट्युटरीची गाठ होऊन गेलेल्या माणसाचं डोकं असं दुखायला लागलं की डॉक्टरच्या मनात पहिलं तेच येतं. गाठ परत आली असणार. मी संभाजीनगरच्या सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, “लगेच पाठवा. एमआरआय करू. तसं निघालं तर उद्याच ऑपरेशनला घेऊ.”

भगवानरावांनी कॉटवरून सगळं ऐकलं. “मॅडम, पुन्हा डोकं उघडायचं असंल तर मी येत न्हाई. गेल्या टायमाला गेल्तो, तेवढं बास झालं. सरळ भोकरदनची गाडी पकडतो. व्हायचं ते घरी होईल.”

“असं कसं बोलून राह्यले?” त्यांची बायको सुनंदाताई रडायलाच लागल्या.

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन एकोणीसच्या वर. म्हणजे रक्त घट्ट झालेलं. अशा रक्तात गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत अडकली तर माणूस एका बाजूनं लुळा पडतो. असं रक्त घेऊन ते गाडीत बसले असते, तर मला झोप लागली नसती. खाली टेस्टोस्टेरॉन. ते असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. ते जास्त झालं की रक्त घट्ट होतं.

इथंच गाडं अडलं होतं. यांची गाठ परत आली असती तर टेस्टोस्टेरॉन वाढायचं कारण नव्हतं. म्हणजे ते बाहेरूनच जास्त जात होतं. पण कसं?

“ब्रदर, रक्त कुठल्या हाताचं घेतलं?” जेल लावलेल्या कातडीत सुई घातली तर जेल सँपलमध्ये मिसळते आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटाच फुगतो. पण मग मलाच कळलं, त्यानं हिमोग्लोबिन नसतं वाढलं. रक्त खरोखरच घट्ट होतं.

“भगवानराव, रोज किती पाकिटं लावता?”

“एकच.”

“खरं सांगा.”

“आईशप्पत एकच, मॅडम.”

सुनंदाताईंनी पिशवीतून रिकाम्या पाकिटांचा डबा काढला. मीच मागे सांगितलं होतं, टाकू नका, घेऊन या. पाकिटं आणि दिवस बरोबर जुळले. माझा पारा चढला.

“मग आता लावून दाखवा. माझ्यासमोर. कुठं लावता?”

भगवानराव भिंतीकडं बघायला लागले.

“अहो, सांगा की!” सुनंदाताई कडाडल्या. “लाजंपायी जीव घालवता का?”

“आधी खांद्यावरच लावायचो,” ते भिंतीलाच सांगत होते. “मंग फवारणी लागली. पाठीवर पंप, खांद्यावर पट्टा. सगळं औषध पट्ट्यालाच पुसून चाललं. म्हटलं, वाया घालवण्यापरीस जिथली तक्रार तिथंच लावावं.”

“तिथं? अहो, त्यात स्पिरिट असतं! झोंबलं नाही?”

“लई झोंबायचं. म्हटलं, झोंबून राह्यलंय म्हंजे लागू पडून राह्यलंय.”

मी कपाळावर हात मारला. वृषणांवरची कातडी अंगातली सगळ्यात पातळ. खांद्यावरून जेवढं औषध आत जातं, त्याच्या कितीतरी पट तिथून जातं. मुरमाड रानात पाणी झटकन मुरतं, तसं. तिथं लावायची औषधं वेगळी, अगदी कमी डोसची असतात. ही जेल त्यातली नव्हती.

मी बोटं हलवून त्यांची बाजूची नजर तपासली. गाठ वाढली की आधी हीच नजर जाते. ती शाबूत होती. परत फोन लावून पेशंटला आज पाठवत नाही म्हणून सांगितलं.

“मॅडम, खात्री आहे?” सर्जननी विचारलं.

“गाठीची नाही. घट्ट रक्ताची आहे. आधी ते उतरवते, मग एमआरआयला पाठवते.”

“जबाबदारी तुमची,” ते म्हणाले. मी ‘हो’ म्हटलं. गाडी परत पाठवली. जेल बंद केली, सलाईन लावलं, एक पिशवी रक्त काढून घेतलं आणि तीन दिवस त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं झालं. पुढच्या आठवड्यात एमआरआय झाला. गाठ नव्हती.

महिन्यानं टेस्टोस्टेरॉन खाली आल्यावर जेल पुन्हा सुरू करायची होती. फवारणीवरून आल्यावर, आंघोळ करून, अंग कोरडं करून, खांद्यावर. त्यांना झापायला मी माझीच जुनी चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं: जेल, सकाळी एक. जागा लिहिलीच नव्हती. घाईत तोंडी सांगितली होती, तेही त्यांचा मेहुणा शेजारी बसलेला असताना.

भगवानरावांनी चिठ्ठी बघितली. आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, कीडनाशकाच्या डब्यात कागद येतो. कुठल्या पिकावर, किती, कुठं मारायचं, सगळं असतंय. कपाशीची एवढी काळजी घेतेत.”

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

तेव्हापासून जेलच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी एक माणूस काढते, खांद्याकडं बाण दाखवून. पेशंटनं त्याच जागी स्वतःचा हात ठेवून दाखवल्याशिवाय सही करत नाही. ब्रदर म्हणतात, माणूस बुजगावण्यासारखा दिसतो. दिसेना का. बाण बरोबर जागी आहे.