देवी उंद्रीला गेली

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दोनदा डोक्याला टाके घालून घेतले. पण साहेब, एखादी केस सांगा, असं कुणी म्हटलं की यातलं काहीच आधी आठवत नाही. डोळ्यांपुढे उभी राहते ती कागदाच्या लगद्याची, तीन फुटी, लाल साडी नेसलेली एक देवी. या केसमध्ये गुन्हा दाखल झाला नाही, आरोपी नाही, कोर्ट नाही. नावं मी सांगणार नाही. ती माणसं अजून गावोगाव नाटकं करत हिंडतात आणि त्यांना पोलिसांच्या आठवणींत यायची हौस नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मेहकरच्या बाजूला एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्ताचे कागद पाहत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. एरवी हाक मारल्याशिवाय न हलणारा हा माणूस त्या दिवशी शर्ट नीट खोचून आला होता.

"साहेब, नाटक कंपनीची हिरोईन आली आहे. मंगळसूत्र चोरीला गेलं म्हणते."

आदल्या दिवशी दुपारी गावात त्या कंपनीचा प्रयोग झाला होता. निम्मं ठाणं बंदोबस्ताच्या नावाखाली पहिल्या रांगेत बसलं होतं, हे मला माहीत होतं. बाईंना आत बोलावलं तर त्यांच्यामागून माझे तीन शिपाईही आत आले. एकाला पाणी आणायला पाठवलं, एकाला चहा सांगायला आणि तिसऱ्याला, काही सुचेना म्हणून, गेटवर.

बाई तिशीच्या आतल्या, चेहरा धुतलेला, साधी साडी. सोबत कंपनीचे मालक, पांढरा सदरा, बोलणं तोलूनमापून. बाईंनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या नाटकात तिसऱ्या अंकात नायिका विधवा होते. स्टेजवर तिचं कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. ते अर्थात खोटं, प्रयोगागणिक तुटतं आणि परत ओवतात. तिसरा अंक सुरू व्हायच्या आधी बाई आपलं खरं मंगळसूत्र काढतात. आणि इथं त्या कंपनीची एक रीत होती. काढलेलं खरं मंगळसूत्र टेबलावर किंवा पेटीत ठेवायचं नाही. नायिका परत कुंकू लावून येईपर्यंत ते दुसऱ्या सवाष्ण बाईच्या गळ्यात राहिलं पाहिजे. मालकांच्या आईनं घालून दिलेला हा नियम.

"आमच्याकडं कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी आहेत," मालक म्हणाले. "तीस वर्षं झाली. नायिकेचं कुंकू अन् मंगळसूत्र त्यांच्याकडंच असते. सवाष्णीचं काम आहे, दुसऱ्या कुणाले आम्ही हात लावू देत नाही."

काल मात्र मावशींनी ते परत दिलं नव्हतं. बाईंनी संध्याकाळी मागितलं तर म्हणाल्या, पेटीत आहे, सकाळी देतो. सकाळी विचारलं तर गप्प. आणि बाईंचे यजमान, एसटीत कंडक्टर, जळगाव जामोदहून त्याच दिवशी भेटायला यायचे होते.

"मले त्या मावशीवर केस नाही करायची, साहेब," बाई म्हणाल्या. "मले फक्त माहं मंगळसूत्र पाहिजे."

मालक मात्र ताठ होते. "कंपनीत दारू नाही, पत्ते नाहीत, कुणी कुणाले नावानं हाक मारत नाही. ताई, भाऊ, मावशी असंच बोलायचं. चोरीचं नाव लागलं तर माणूस त्याच दिवशी घरी. मग तो तीस वर्षांचा असो की तीस दिवसांचा."

म्हणजे म्हातारीची जागा आता माझ्या हातात होती. बाईंचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशीला निघालो. खरं सांगायचं तर नाटकाची रंगपटाची खोली आतून पाहायची इच्छाही होती.

शाळेच्या ज्या हॉलमध्ये कंपनी उतरली होती, त्याच्या मागे एक चहाची टपरी. टपरीवाला आमचा जुना खबऱ्या. जीपमधून उतरलो तसा तो पुढे आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "साहेब, त्या म्हातारीवर नजर ठेवा. काल मी पडद्यामागं चहा घेऊन गेलतो. तिसऱ्या अंकात सगळे स्टेजकडे, अन् ही पदराखाली काहीतरी घेऊन नाटकातल्या देवीच्या मूर्तीमागं गेली. हात रिकामे करून आली. अन् मग सामान ट्रकात भरलं. ट्रक पहाटेच पुढच्या प्रयोगाच्या गावाले गेला."

मला खात्रीच पटली. मंगळसूत्र सामानात लपवलं, ट्रक ड्रायव्हर सामील, माल गेला. इतक्या वर्षांच्या अनुभवानं माणसाला एक वाईट सवय लागते. अर्धी गोष्ट कानावर पडली की उरलेली तो स्वतःच लिहून टाकतो.

रंगपटात पत्र्याच्या पेट्यांवर बसून मी एकेकाचे जबाब घ्यायला सुरुवात केली. हा प्रकार मी पुन्हा कधी करणार नाही. नाटकातला खलनायक माझ्या पहिल्याच प्रश्नाला रडायला लागला. विनोदी नट इतक्या गंभीरपणे बोलला की मला त्याचाच संशय आला. नायकाचं काम करणारा गडी प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा आणि माझा हवालदार लिहायचं सोडून तोंडाकडे बघत राहायचा. मी त्याला दोनदा कोपरानं ढोसलं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी न विचारता सांगितली. मावशी चोरी करणार नाही. मेकअपवाले चाचा, साठीचे मुसलमान गृहस्थ, ओवायचे काळे मणी बोटांत धरूनच बोलत होते.

"साब, मेरी तबियत बिघडली तवा या बाईनं आपली पाटली मोडून माहा दवाखाना केला. तिच्या घरातलं सोनं गेलं अन् ती दुसऱ्याचं घेईल? तुमीच सांगा."

शेवटी मावशींना बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. मालक दाराशी उभे होते. मावशी म्हणजे काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हाताला सुईच्या खुणा. मी रीतीप्रमाणं सुरुवात केली. जबाबाचा पहिला भाग कुणालाही चुकत नाही. नाव, वय, धंदा. मावशींनी भराभरा सांगितलं.

"पतीचं नाव?"

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला काही नवीन नाही. असे शेकडो जबाब मी घेतले. बाई लाजते, पदर तोंडाला लावते, शेजारणीकडं बघते, शेजारीण नाव सांगते. मावशी लाजल्या नाहीत. त्यांची नजर सरळ दाराकडं गेली, मालकांवर थांबली आणि मग खाली वळली.

मी पेन खाली ठेवलं. मालकांना म्हटलं, "मालक, तुमच्या सगळ्या मंडळींना घेऊन टपरीवर चहा प्या. माझ्या नावावर सांगा."

मंडळी बाहेर पडली. मी विचारलं, "मावशी, यजमान कधी वारले?"

मावशींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "चार महिने झाले. फोन आलता."

नवरा वीस वर्षांपूर्वी दुसरी करून निघून गेला होता. त्याचं तोंडही त्यांनी परत पाहिलं नव्हतं. पण तो कुठंतरी जिवंत होता, एवढ्यावर मावशी सवाष्ण होत्या. आणि सवाष्ण होत्या म्हणून नायिकेचं कुंकू आणि मंगळसूत्र त्यांच्याकडं होतं, मेकअपच्या खोलीत त्यांची पेटी होती, कंपनीत मान होता.

"जिता व्हता तवा एक डाव माह्याकडं आला नाही, साहेब. अन् मेला तर माही जागा घ्याले आला. सांगितलं असतं तर मालकानं मले घरी धाडलं असतं. घर कुठं हाये मले?"

"मग मंगळसूत्र?"

"मी काऊन घालू ते? त्या पोरीच्या नवऱ्याले काही झालं तर? चार महिन्यांपासून एक डावही गळ्यात घातलं नाही मी. तिसऱ्या अंकात देवीच्या गळ्यात घालतो, पोरीच्या नवऱ्यासाठी पाया पडतो, अंक संपला की काढून देतो. देवीपरीस मोठी सवाष्ण कोण हाये? काल प्रयोग झाला अन् गावच्या लोकांनी सगळ्यांले सत्काराले स्टेजवर उभं केलं. मी खाली येईस्तोवर गड्यांनी देवी गोणपाटात बांधून ट्रकात टाकली. वरून सगळे पडदे. कोणाले सांगू, देवी काढा म्हून? काऊन म्हणतील ना."

"आता देवी कुठं आहे?"

"देवी उंद्रीले गेली," मावशी म्हणाल्या. माझी महिला शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. मलाही हसू आवरेना. मावशी मात्र रडत होत्या, त्यामुळे मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

कंडक्टर यजमानही तोवर आले होते. त्यांना, बाईंना, मावशींना आणि मालकांना जीपमध्ये कोंबून आम्ही चिखलीवरून उंद्रीला निघालो. बाकी मंडळी पेट्या घेऊन मागून येणार होती. मी मालकांना एवढंच म्हटलं होतं, की वस्तू सामानात असण्याची शक्यता आहे. मनात ठरवून टाकलं होतं, की घाईत चुकून अडकलं असेल, असं म्हणून प्रकरण मिटवायचं. मावशींनाही तसं हळूच सांगितलं होतं.

उंद्रीत ट्रक उभा होता. दोन पंच घेतले, पडदे खाली काढले, गोणपाट सोडलं. देवी निघाली. हवालदार पंचनामा लिहू लागला. आमच्या पंचनाम्यात सोनं कधी सोनं नसतं, ते पिवळ्या धातूचं असतं. त्यानं लिहिलं, देवीच्या गळ्यात पिवळ्या धातूचे हार चार, पिवळ्या धातूची ठुशी एक, पिवळ्या धातूचं मंगळसूत्र एक. सहाही वस्तू कागदावर सारख्याच चमकल्या. बाईंनी पुढं होऊन नेमकं आपलं उचललं.

मालकांनी विचारलं, "हे देवीच्या गळ्यात कसं गेलं?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात मावशी बोलल्या. सगळं बोलल्या. चार महिने, फोन, देवी, सगळं. माझ्या ठरवलेल्या खोट्याला त्यांनी वावच ठेवला नाही. मग पदरानं कपाळावरचं कुंकू पुसायला हात वर केला.

नायिका बाईंनी तो हात धरला.

"थांब, मावशी. मी आठवड्याचे सहा दिवस स्टेजवर विधवा होतो. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, लोक रडतात. अन् मग मी हातपाय धुऊन जेवाले बसतो. माह्या नवऱ्याले काही झालं का आजवर?" त्यांनी यजमानांकडं पाहिलं. "बोला ना, झालं का?"

कंडक्टर बिचारा भरल्या बसमध्ये बोलणारा माणूस, इथं गडबडला. "नाही. मी ठणठणीत आहे," एवढंच म्हणाला.

"तू चार महिने माह्या नवऱ्यासाठी देवीच्या पाया पडली. याच्यापरीस जास्त कोणती सवाष्ण करते? मान खाली घे."

आणि सगळ्यांसमोर, ट्रकच्या फाळक्यापाशी, त्यांनी ते मंगळसूत्र मावशींच्या गळ्यात घातलं. मी मालकांकडं पाहिलं. इतका वेळ नियमांचा पाढा म्हणणारा माणूस जमिनीकडं बघत उभा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, घाम नसलेलं कपाळ पुसलं आणि गड्यांवर ओरडला, "उभे काय राह्यले बे? देवी आत न्या. संध्याकाळी प्रयोग हाये. अन् मावशीची पेटी मेकअपच्या खोलीत ठेवा, जिथं असते तिथंच."

बाईंनी अर्ज मागे घेतला. डायरीत मी लिहिलं, 'वस्तू सामानात मिळून आली, तक्रार नाही.' संध्याकाळी उंद्रीचा प्रयोग मी तिकीट काढून पाहिला. तिसऱ्या अंकात आजूबाजूच्या बाया पदर डोळ्यांना लावत होत्या आणि मी एकटा हसत होतो, म्हणून शेजारच्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं.

या केसनं मला काय शिकवलं, असं विचाराल तर तपासाबद्दल एक गोष्ट सांगतो. माणूस काय लपवतो ते शोधण्याआधी कुणाच्या भीतीनं लपवतो ते शोधावं. भीती कळली की वस्तू आपोआप सापडते. नवीन भरती झालेल्या पोरांना मी हे सांगत आलो. पण खरी शिकवण त्यानंतर वर्षभरानं मिळाली, आणि ती घरात मिळाली.

माझ्या मुलीचं लग्न होतं. हळद लागायच्या वेळी मंडपात नजर फिरवली तर माझी थोरली बहीण दिसेना. ती बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. मुलीला तिनंच लहानाचं मोठं केलं, कारण मी कायम ठाण्यात. शोधत गेलो तर मागच्या बाजूला आचाऱ्याजवळ कांदे सोलत बसलेली. आमच्या घरातल्या प्रत्येक हळदीला ती अशीच कुठंतरी मागे असायची, आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. मी हात धरून तिला मंडपात आणलं, हळदीची वाटी तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अक्का, पहिली हळद तू लाव."

अक्कानं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीसारखा खडा.

"काय रे, पोलिसात हाये ना तू? घरातला एवढा तपास लावाले तुले तीस वर्षं लागले?"

तिनं हळद लावली.