व्हायोलिनच्या अठरा तऱ्हा

मी धरमपेठेत राहतो आणि घरातल्या एका खोलीत कॉम्प्युटरवर संगीत करतो. संगीत म्हणजे शाळांच्या गॅदरिंगची गाणी, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि होतकरू पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे पोवाडे. पन्नास वादकांचा ताफा माझ्या टेबलावर मावतो, त्यातला एकही जण चहा मागत नाही की उशिरा येत नाही, म्हणून मी स्वतःला संगीतकार म्हणवून घेतो. माझे वडील मला बटणवाला म्हणतात.

वडील खरे वाजवणारे. चाळीस वर्षं दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन. घरात कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टकांच्या मागे व्हायोलिन त्यांचं, असा रिवाजच पडला होता. ज्या चुलतभावाशी बोलणं बंद होतं त्याच्या मुलाच्या लग्नातही ते गेले, वाजवलं आणि न जेवता परत आले. माझी भाची सात वर्षांची असताना तिने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की माझ्याही लग्नात आबा तुम्हीच. वडील म्हणाले होते, "हाव, वाजवीन. पण लवकर कर."

तिने काही लवकर केलं नाही. आधी इंजिनिअरिंग केलं, मग पुण्याची नोकरी केली. तिचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांचा उजवा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. गज तारेवर ठेवला की तो सरळ चालायचाच नाही, उड्या मारायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नातेवाइकांनी नाना तऱ्हेची तेलं दिली, आणि व्हायोलिन पलंगाखाली गेलं. भाचीने फोन करून विचारलं, "आबा, वाजवाल ना?" ते म्हणाले, "वाजवीन." फोन ठेवला आणि भर उन्हात गच्चीवर जाऊन बसले.

अशा वेळी घरात एक उंटावरचा शहाणा लागतोच. तो मी.

मी त्यांना सांगितलं, बाबा, व्हायोलिन मी करतो. माझ्याकडे कॉम्प्युटरमधलं एक व्हायोलिन होतं, कुठल्याशा थंड देशातल्या गोऱ्या वादकाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून बनवलेलं. ते अठरा तऱ्हांनी वाजायचं. लांब गज, तुटक गज, घसरत जाणारा सूर, बोटाने तार छेडणं, असं सगळं. आता कोणत्या सुराला कोणती तऱ्हा, हे त्या यंत्राला सांगायचं कसं? तर कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या खालच्या पट्ट्यांना आवाज नसतो, त्या फक्त हुकूम देतात. एक पट्टी दाबली की पुढचं सगळं लांब गजाने, दुसरी दाबली की तुटक, तिसरी दाबली की छेडून. म्हणजे धून वरच्या पट्ट्यांवर आणि हुकूम खालच्या पट्ट्यांवर. दोन्ही एकाच कागदावर लिहिल्यासारखे एकत्र राहतात.

या हुकुमांची नीट वेगळी यादी बनवायची सोय माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तसं केलं की हुकूम सुरांच्या गर्दीत राहत नाहीत, कोणाचा धक्का लागत नाही. हे मला ठाऊक होतं. एवढंच नव्हे, एका कॉलेजात व्याख्यान देताना मी हे पोरांना दरडावून सांगितलंही होतं. पण स्वतःच्या कामाला कशाला हवेत नियम? ते विद्यार्थ्यांसाठी असतात. मी सगळे हुकूम धुनेतच कोंबले. त्यांना रंग मात्र सुंदर दिले. लांब गज हिरवा, तुटक केशरी, छेडणं जांभळं. तीन महिने मी रंग देत होतो.

वडील मागे खुर्चीवर बसून ऐकायचे आणि चुका काढायचे. "इथं गज उलटावा लागते." मी हुकूम बदलायचो. "आता बराबर आहे, पण मेल्यासारखं वाजवून राहिला तुझा गोरा." मी आणखी दोन हुकूम घालायचो. तिसऱ्या कडव्यात ते एका सुरावरून दुसऱ्यावर असं काही घसरत यायचे की बायकांच्या डोळ्यांत हमखास पाणी. ती जागा आणायला मला अकरा दिवस लागले. ती आली तेव्हा वडील म्हणाले, "जमलं गा." उभ्या आयुष्यात ते मला असं पहिल्यांदा म्हणाले, आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

त्या हवेतूनच पुढची कल्पना निघाली. म्हटलं, बाबा, तुम्ही स्टेजवर व्हायोलिन घेऊन बसा, गजाला राळेऐवजी साबण घासू म्हणजे आवाज निघणार नाही, तुम्ही नुसता गज फिरवा. आवाज लॅपटॉपचा. भाचीला वाटेल आबांनीच वाजवलं.

"म्हणजे मी नाटक करू?"

मी म्हटलं, टीव्हीवर सगळेच करतात. त्यांनी पलंगाखालून व्हायोलिन ओढून काढलं. मग म्हणाले, "पोट्टीले शब्द देला आहे म्हणून करतो. पण एक सांगून ठेवतो. तिथं लोकांले समजलं, तर मले पुन्हा कोणासमोर बसता येणार नाही." मी हसून म्हटलं, काही समजत नाही कोणाला. मी आहे ना.

लग्नाच्या दिवशी सकाळी लॉनवर तर्री-पोहे चालू होते. मंगलाष्टकं म्हणणार होती नवरीची आत्या, अमरावतीची. ती बाई घसा शेकत माझ्याकडे आली. "मामासाहेब, रात्री आईस्क्रीम खाल्लं आणि गळा बसला. सूर दोन पट्ट्या खाली घेता येईल काय?" मी म्हटलं, हे काय, चुटकीसरशी. पोह्याची बशी डाव्या हातात धरून उजव्या हाताने मी लॅपटॉपवर सगळं निवडलं आणि दोन पट्ट्या खाली ढकललं. पहिलं कडवं ऐकलं. उत्तम. लॅपटॉप साउंडवाल्याच्या हवाली केला आणि फेटा बांधून घ्यायला गेलो.

सगळं म्हणजे सगळंच निवडलं होतं. धून दोन पट्ट्या खाली गेली, आणि तिच्यासोबत हुकूमही दोन पट्ट्या खाली गेले. पहिल्या कडव्यात हुकूमच नव्हते, कारण यंत्र सुरू होतं तेच लांब गजाने. म्हणून ते उत्तम वाटलं. लांब गजाच्या हुकुमाखाली दोन पट्ट्यांवर छेडण्याचा हुकूम होता, म्हणून दुसऱ्या कडव्यापासून जिथे जिथे 'लांब गज' लिहिलं होतं, तिथे तिथे आता 'बोटाने छेड' असं झालं होतं. हा हिशेब पहिल्या वर्षाचं पोरगंही करून दाखवेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मुहूर्ताला मी नवरीच्या मागे उभा होतो. मामाने तिथेच उभं राहायचं असतं, हलायचं नसतं. अंतरपाट धरला होता. उजव्या हाताला खुर्चीवर वडील, हनुवटीखाली व्हायोलिन. पहिलं कडवं झालं. आत्या गात होती, स्पीकरमधून लांब गज वाहत होता, वडिलांचा साबणाचा गज त्याच्याबरोबर चालत होता. हात थरथरत होता, पण लांबून कोणाला दिसणार? भाची मान तिरपी करून आजोबांकडे पाहत होती.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर स्पीकरमधून आवाज आला, टुंग. मग तीन मात्रा काहीच नाही. मग पुन्हा, टुंग.

वडिलांचा गज तारेवरून अर्धा गेलेला, आणि आवाज मात्र छेडल्याचा. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. साउंडवाला मान हलवत तालात रमला होता. तिथे धावत जावं तर मामा मांडव सोडून पळाला, असं आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. न जावं तर ज्या माणसाने चाळीस वर्षं एकही बेसूर स्वर काढला नाही, त्याला मी दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर ढोंगी ठरवलं होतं. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑर्केस्ट्रात कोणी चुकलं की त्याच्याकडे पाहायचं नसतं, सांभाळून घ्यायचं असतं. त्यांनी गज सावकाश मांडीवर ठेवला, जणू तसंच ठरलं होतं, आणि पुढच्या सुराला उजव्या हाताच्या बोटाने तार छेडली. यंत्राचा टुंग विझला की मधल्या रिकाम्या मात्रांत ते आपले सूर भरत गेले. एक, दोन, मग तिन्ही जागा. साउंडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने त्यांच्यासमोरचा शोभेचा माइक चालू केला, आणि मांडवभर खरं व्हायोलिन ऐकू आलं. आत्याने घसा विसरून आवाज लावला. तिसऱ्या कडव्यातली ती घसरती जागा त्यांनी छेडलेल्या तारेवर डाव्या हाताचं बोट सरकवत काढली. माझ्या पुढ्यात भाचीचे खांदे हलायला लागले.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार घातले गेले. लोक वडिलांना भेटायला रांगेने आले. ते ढोसणारे काकाही आले आणि म्हणाले की ही नवीन स्टाइल फार आवडली. सगळे जेवायला गेल्यावर मी फेटा काढून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, चुकलं माझं.

ते व्हायोलिन पुसत होते. म्हणाले, "छेडाले काय लागते? हात थरथरला तरी चालते. गज नाही जमत मले, बाकी सगळं जमते."

"मग तुम्ही आधी बोलला का नाही?"

"तू मशीनले विचारून राहिला होता गा तीन महिने," ते म्हणाले. "मले कधी विचारलं?"